नेहमीचा श्वास

आमच्या शेजारचे नाना लोकांच्या श्वासांवर लक्ष ठेवतात. कर्जतच्या शाळेत ते कवायतीचे मास्तर होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण समोरचा माणूस श्वास कसा घेतोय हे त्यांना आधी दिसतं, तो कोण आहे ते नंतर. माझी सून लग्न होऊन आली, नानांच्या पाया पडली, तर आशीर्वाद काय? "वरवर घेतेस गं श्वास. पोटातून घे." बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, हे असंच असतं, चल पुढे.

ठाकुरवाडीची भाजीवाली डोक्यावरची पाटी उतरवते न उतरवते तोच यांचं सुरू. भर, थांब, सोड. ती एकदा वैतागून म्हणाली, "मास्तर, तुमी एकदाच काय ते सांगा, भाजी इकू का श्वास घेऊ?" पळसदरीच्या धरणावर फोटोसाठी पोटं आत ओढून उभ्या राहिलेल्या पाहुण्यांना यांनी असं काही दटावलं, की त्यांनी घाबरून पोटं सोडून दिली. फोटोत तशीच आली असणार.

तर अशा माणसाच्या फुफ्फुसात गाठ निघाली. नानांना भीतीपेक्षा अपमानच जास्त वाटला. त्यांची बायको मालती गेल्यापासून घरात दुसरं कोणी नाही, म्हणून नव्या मुंबईतल्या इस्पितळात सोबतीला मीच गेले.

तिथल्या मशीनवरच्या मुलीने छान समजावलं. श्वासाबरोबर गाठही वरखाली सरकते, म्हणून किरण द्यायच्या आधी ती कुठून कुठे जाते ते स्कॅनमध्ये बघून ठेवायचं. पोटावर एक छोटी डबी ठेवतात, कॅमेरा तिच्यावर नजर ठेवतो आणि पडद्यावर श्वासाची रेघ उमटते. आजोबांनी फक्त नेहमीसारखा श्वास घ्यायचा.

नानांना वाटलं, परीक्षा आहे. असे दणदणीत श्वास घेतले की डबीच घसरली. काचेपलीकडून मी पडद्यावरची रेघ बघत होते, तिच्यापेक्षा आमचा घाट बरा. मुलगी म्हणाली, आजोबा, नेहमीचा घ्या. आतून उत्तर आलं, "नेहमीचा म्हणजे कुठला? सकाळचा की जेवणानंतरचा?"

पुन्हा करून बघितलं, जमेना. मग डॉक्टर आले आणि शांतपणे म्हणाले, रेघ अशीच राहिली तर किरणांचा घेर मोठा ठेवावा लागेल, आणि गाठीभोवतीच्या चांगल्या फुफ्फुसालाही त्रास होईल. जरा बाहेर बसा, मग बघू.

नाना बाकावर बसले. मी चहा आणला, तो तसाच निवत राहिला. मग हळूच म्हणाले, "वहिनी, मला साधा श्वास येतच नाही हो."

नानांना काही येत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. म्हटलं, अहो, घरी निवांत पडलेले असता तेव्हा काय कवायत करता का? ते आठवा.

पुन्हा आत गेले. हात डोक्यावर, डोळे मिटलेले. आणि काय सांगू, रेघ अशी एकसारखी उमटायला लागली, जशी हाताने केलेली भाताची लावणी. लहान लहान, संथ. मुलगीही खूश झाली. म्हणाली, किरण देतानाही अगदी हाच श्वास हवा आजोबा, आणि आता काही आठवडे रोज यावं लागेल.

परतताना गाडीत मी विचारलं, जमलं कसं एकदम?

"मालतीचा घेतला," नाना म्हणाले. "शेजारी निजलेली असायची ना, ऐकून ऐकून पाठ झालाय. एवढा एवढासा घ्यायची. जन्मभर ओरडलो तिला, पोटातून घे म्हणून."

मी एवढंच म्हटलं, रोजची लांबची खेप आहे नाना, दमाल हो.

"चालेल की," नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तेवढीच रोज भेट."