एकत्र कुटुंब, अंतर पंधरा किलोमीटर

मंगळवार, २१ जानेवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. गुलाबचंद यांचे कुटुंब एकत्र आले. तशी नोंद नोंदवहीत आहे, नोंदीखाली सही आहे आणि सहीवर शिक्का आहे. त्या वेळी गुलाबचंद जरीपटक्यातल्या तयार कपड्यांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची कमी करत होते. त्यांच्या पत्नी चंद्रकला कन्हानला होत्या. दोघांमध्ये पंधरा किलोमीटर अंतर, एक नदी आणि एक हद्द होती. तिन्हींचा नोंदीत उल्लेख नाही, कारण नोंदवहीत तेवढा रकाना नाही.

कुटुंब हा समाजाचा पाया आहे. पाया नेहमी जमिनीखाली असतो, त्यामुळे तो प्रत्यक्ष दिसला नाही तरी आहे असे धरून चालावे लागते. विभक्त कुटुंब एकत्रीकरण कक्षाचे काम याच तत्त्वावर चालते. हा कक्ष नागपुरात एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे (लिफ्ट दुसऱ्यापर्यंत जाते). सीमेपलीकडून जीव मुठीत धरून आलेल्या लोकांची मागे राहिलेली माणसे त्यांच्याजवळ आणणे, हे कक्षाचे ध्येय. ते भिंतीवर रंगवलेले आहे. गेल्या वर्षी कक्षाने दोनशे बारा कुटुंबे एकत्र आणली. त्यांपैकी एकतीस कुटुंबे एका घरात राहतात. उरलेली एकशे एक्याऐंशी एका जिल्ह्यात राहतात, आणि नियमात 'एकत्र' याची व्याख्या 'एका जिल्ह्यात' अशी असल्याने कामगिरी शंभर टक्के भरते. इतक्या नेमक्या व्याख्या आपल्याकडे कमीच आढळतात.

गुलाबचंद सात वर्षांपूर्वी सिंधमधून नागपुरात आले. तेव्हा चंद्रकला यांचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेला होता, म्हणून ते एकटे पुढे आले. महिनाभरात ती येईल, असा हिशेब होता. नंतर पासपोर्ट आला तर व्हिसा नव्हता, व्हिसा मिळायची वेळ आली तर गुलाबचंद यांची आई अंथरुणाला खिळली आणि तिच्याजवळ कोणी नव्हते. आई गेल्यावर चंद्रकला यांनी पुन्हा अर्ज केला. या वेळी त्यांना नव्वद दिवसांचा व्हिसा मिळाला. व्हिसा देशाचा नसतो, ठिकाणाचा असतो, आणि ठिकाण कोणते ते हमीदाराच्या पत्त्यावरून ठरते.

हमीदार भारतीय नागरिक हवा. गुलाबचंद अजून नागरिक नाहीत, म्हणजे ते स्वतःच्या बायकोची हमी घेऊ शकत नाहीत. त्यांची हमी जरीपटक्यातल्या त्यांच्या चुलतभावाने घेतली होती. पण एका हमीदाराला एकाच कुटुंबाची हमी घेता येते, आणि एकत्रीकरण होईपर्यंत गुलाबचंद व चंद्रकला ही दोन कुटुंबे धरली जातात. तेव्हा दुसरा हमीदार शोधणे आले. दुकानात पँटी कमी करून घ्यायला येणारे एक गृहस्थ होते, कन्हानचे बळीराम, खाणीतून निवृत्त झालेले. त्यांनी ट्रायल रूमच्या बाहेर उभ्या उभ्या सही केली.

"बायकोले बोलवाले सही लागते का गा?" ते म्हणाले. "आमच्या वेळी नुसती चिठ्ठी धाडली का येत होती."

बळीराम यांचा पत्ता कन्हान, म्हणून चंद्रकला यांचे ठिकाण कन्हान. कन्हान पुलाच्या पलीकडे आहे आणि तिथे ग्रामीण हद्द लागते. गुलाबचंद यांचे ठिकाण नागपूर शहर. त्यांच्या मुक्कामाच्या परवान्याचे नूतनीकरण चौदा महिने प्रलंबित आहे आणि ते प्रलंबित असेपर्यंत शहराची हद्द ओलांडायला मनाई आहे. दोघांनी आपापल्या ठिकाणी हजेरी लावली, दोन्ही हजेऱ्या एकाच जिल्ह्यातून कक्षाकडे पोहोचल्या आणि वर सांगितलेल्या मंगळवारी कुटुंब एकत्र आले.

आपले ठिकाण बदलून बायकोजवळ किंवा बायकोचे बदलून आपल्याजवळ, यांपैकी काहीही करावे, असा अर्ज घेऊन गुलाबचंद तिसऱ्या मजल्यावर गेले. कक्षाचे लिपिक धम्मानंद यांनी तो वाचला आणि दोन्ही हातांनी परत दिला.

"भाऊ, हा फॉर्म विभक्त कुटुंबाचा आहे. तुम्ही आता विभक्त नाही राहिले."

"साहेब, ती कन्हानले हाय, मी जरीपटक्यात हाय. बीचमें नदी हाय."

"मी काय माह्या मनचं सांगून राहिलो का? इथं पाहा. एकत्र. शिक्का पाहा."

"मग एकत्र कुटुंबाचा फॉर्म द्या."

"त्यायले फॉर्म कशाले लागते?" धम्मानंद म्हणाले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी पाणी दिले, आणि जाता जाता हळूच सांगितले की शहराची हद्द नदीपर्यंत आहे, पण नदीत कुठपर्यंत आहे हे कोणी विचारलेले नाही.

गुलाबचंद यांनी विचारले नाही, मोजले. रविवारी ते शहराच्या बाजूने पुलावर चढले, बळीराम आणि चंद्रकला कन्हानकडून. दोन्ही पक्ष कठड्याचे खांब मोजत मधे आले. गुलाबचंद यांचे बेचाळीस झाले, बळीराम यांचेही बेचाळीस. मधल्या जागेवर गुलाबचंद यांनी खिशातला टेप धरला, बरोबर अर्ध्यावर कपड्यावर खूण करायच्या खडूने रेघ मारली, आणि पती शहरात व पत्नी ग्रामीण भागात अशी ती दोघे सात वर्षांनी समोरासमोर उभी राहिली. बळीराम पाठ करून नदी पाहत राहिले. नदीत पाणी फारसे नव्हते.

त्यानंतर दर रविवारी सकाळी नऊ ते बारा असा क्रम ठरला. चंद्रकला डबा आणत. त्यात कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, आणि थर्मासमध्ये चहा. डबा रेघेवर ठेवला जाई, म्हणजे तो कोणत्याच हद्दीत बेकायदा नसे. बळीराम यांच्या पत्नी सिंधूताई, ज्यांच्या मागच्या खोलीत चंद्रकला राहत होत्या, त्यांना या प्रकाराचे फार हसू येई.

"काहून वं, लग्नाची बायको अन् नवऱ्याले पुलावर भेटाले चालली! आमच्या पोरींनी असं केलं असतं तं तंगडी तोडली असती."

"ताई, आप भी चलिए," चंद्रकला म्हणत.

"मी कशाले? माहा नवरा घरीच हाय. तोच तं तरास हाय."

कक्षाला पुलाची माहिती मिळाली तेव्हा कक्ष रागावला नाही. उलट, प्रत्येक रविवारची स्वतंत्र नोंद झाली आणि आठ रविवारांत कुटुंब आणखी आठ वेळा एकत्र आले. त्या तिमाहीत कक्षाची टक्केवारी शंभराच्या वर गेली. त्यावर वरून अभिनंदनाचे पत्र आले आणि पत्रासोबत तपासणीही आली, कारण शंभराच्या वरच्या कामगिरीची तपासणी करावी असा नियम आहे.

तपासणी अधिकारी एका रविवारी पुलावर साध्या वेशात उभे राहिले. त्यांच्या अहवालातला पाचवा मुद्दा असा: 'सदर स्त्री-पुरुष सुमारे तीन तास एकमेकांशी बोलत होते. पुरुषाने एकदाही मोबाइल पाहिला नाही. स्त्रीच्या बोलण्यावर पुरुष हसत होता. हे वर्तन विवाहित जोडप्याच्या वर्तनाशी सुसंगत वाटत नाही.' विवाह खरा आहे की केवळ मुक्कामासाठी रचलेला, याची खातरजमा करण्याची शिफारस त्यांनी केली. विवाह खरा ठरला तर चंद्रकला यांचा मुक्काम वाढेल. न ठरला तर वीस एप्रिलला नव्वद दिवस संपतील आणि त्यांना अटारीमार्गे परत जावे लागेल. परत म्हणजे कुलूप लावलेल्या घरात, जिथे आता त्यांची सासूही नाही.

खातरजमेसाठी कक्षाकडे वीस प्रश्नांची प्रश्नावली आहे. पती-पत्नींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारतात. बारा उत्तरे जुळली तर विवाह सिद्ध होतो. त्या दिवसापुरती चंद्रकला यांना हद्द ओलांडायची परवानगी मिळाली, म्हणजे सात वर्षांत प्रथमच पती-पत्नी एका छताखाली आली. मधे भिंत होती.

प्रश्न तीन: पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपता? पत्नी: खिडकीच्या. पती: मधोमध. (चूक.)

प्रश्न आठ: पतीची न आवडणारी सवय? पत्नी: फोन लवकर ठेवतात. पती: मी घोरतो. (चूक.)

प्रश्न नऊ: शेवटचे भांडण केव्हा व कशावरून? पत्नी: झालेच नाही. पती: सहा वर्षांपूर्वी, बॅलन्स संपला म्हणून. (चूक.)

प्रश्न चौदा: पती चहात साखर किती घेतात? पत्नी: दोन चमचे. पती: चार वर्षांपासून बंद, मधुमेह आहे. (चूक.)

वीसपैकी पाच जुळली. निकाल सांगितल्यावर चंद्रकला यांनी फक्त चौदावा प्रश्न पुन्हा वाचून दाखवायला सांगितला.

"आठ इतवार," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आठ इतवार मीठी चाय लाती रही. पीते रहे?"

गुलाबचंद यांनी होकारार्थी मान हलवली.

"बोलना नहीं था?"

"सात साल बाद तू चाय लाई थी," ते म्हणाले. "क्या बोलता?"

हा संवाद प्रश्नावली संपल्यानंतर झाल्याने विचारात घेता आला नाही. मात्र पतीने पत्नीपासून आजार दडवल्याची प्रतिकूल नोंद घेण्यात आली. धम्मानंद यांनी यावर, "साहेब, बायकोपासून लपवते म्हणजे नवराच हाय ना?" असे तोंडी मत दिले. लिपिकाचे मत तोंडी असल्यास ते मत धरत नाहीत आणि लेखी असल्यास ते शिस्तभंग धरतात, म्हणून त्यांनी ते तोंडी दिले.

तरीही कक्ष निष्ठुर नाही. ज्यांची उत्तरे जुळत नाहीत त्यांना शेवटची संधी म्हणून जाहीर सूचना दिली जाते. या दोघांना पती-पत्नीसारखे वागताना ज्या नागरिकाने स्वतः पाहिले असेल, त्याने पंधरा दिवसांत लेखी कळवावे. एक पत्रही पुरे. सोबत स्वतःचे ओळखपत्र, दोन फोटो आणि साक्षीदार विवाहित असल्यास स्वतःच्या विवाहाचा दाखला जोडावा, कारण पती-पत्नी कसे वागतात हे साक्षीदाराला ठाऊक असल्याचा काहीतरी पुरावा हवा.

सूचना निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सिंधूताई पत्र घेऊन तिसऱ्या मजल्यावर आल्या (दुसऱ्यापर्यंत लिफ्टने). पत्रात लिहिले होते की आपण पुलावर दोनदा गेलो, लपून पाहिले, आणि ती दोघे नवरा-बायकोच आहेत, कारण रेघेच्या अलीकडे उभी राहून बाई त्याच्या शर्टाचे तुटलेले बटन लावत होती आणि लावताना त्याला बोलत होती. पत्र उत्तम होते. विवाहाचा दाखला नव्हता. सिंधूताई आणि बळीराम यांच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षे झाली आहेत आणि त्याचा कागद कधी कोणी मागितला नव्हता.

नियमाप्रमाणे सिंधूताईंचे पत्र बाजूला ठेवण्यात आले आणि त्यांचीच फाइल उघडण्यात आली. दोघांना प्रश्नावली देण्यात आली. पहिल्या खोलीत सिंधूताई, दुसऱ्यात बळीराम. वीसपैकी चार जुळली, म्हणजे सात वर्षे वेगळ्या देशांत राहिलेल्या जोडप्यापेक्षा एक कमी. पत्नीला काय आवडते, या प्रश्नापुढे बळीराम यांनी बराच विचार करून 'सगळंच' असे लिहिले. सिंधूताईंनी तोच प्रश्न कोरा सोडला होता. बाहेर आल्यावर दोघे एका बाकावर बसले होते, असे धम्मानंद सांगतात. मग सिंधूताई म्हणाल्या, "मले कारलं आवडत नाही. तुमाले माहीत होतं का?" बळीराम यांना माहीत नव्हते. त्यांच्या घरी एक्केचाळीस वर्षे दर बुधवारी कारले होते.

सिंधूताईंचे काय झाले हे कन्हानभर कळले. त्यानंतर पत्र द्यायला कोणी आले नाही. जरीपटक्यातल्या दुकानाच्या मालकाला लिहायचे होते, पण आपला दाखला लॉकरमध्ये आहे आणि लॉकरची चावी बायकोकडे आहे, असे त्याने कळवले.

सूचना शहरातल्या चार दैनिकांत, प्रत्येकी पान सातवर आली होती. चारही दैनिकांचा स्वतः सांगितलेला खप मिळून नऊ लाख दहा हजार आहे. शिवाय पुलावरून रविवारी सकाळी नऊ ते बारा या वेळेत सरासरी सहा हजार दोनशे वाहने जातात, असे तपासणी अधिकाऱ्याने त्याच अहवालात मोजून लिहिले आहे. त्यांतली बरीचशी रामटेककडे जाणारी असतात, काचा खाली केलेल्या, आत कुटुंबे. रेघेपाशी बसलेले जोडपे डाव्या हाताला स्पष्ट दिसते. काही गाड्यांनी वेग कमी केल्याचे आणि एका गाडीतून फोटो काढल्याचेही अहवालात आहे. आपण कोणत्या रविवारी गेला होता, ते कक्षाने विचारलेले नाही.

पत्र स्वीकारण्याची मुदत आज, बुधवारी, संध्याकाळी पाच वाजता संपते. मुदतीत पत्र न आल्यास, कोणीच पाहिले नाही, असे शहराचे एकमत धरले जाईल. हे लिहिताना चार वाजून पस्तीस मिनिटे झाली आहेत. गुलाबचंद कक्षाबाहेरच्या बाकावर बसून आहेत. धम्मानंद यांनी टपालाची पेटी दुपारपासून तीनदा उघडली आहे.