गुल्हाने गुरुजी आणि हुशारीचं माप

गुल्हाने गुरुजींसमोर कुणाला 'हुशार' म्हणायचं असेल, तर घरून तयारी करून जावं लागे. मी तयारी न करता गेलो आणि ओळखीच्या पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं.

उमरखेडच्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून आलो, तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मीही नुकताच बी.ए. झालो होतो. खिशात प्राचार्यांचं शिफारसपत्र होतं. त्यात मी 'कुशाग्र बुद्धीचा' असल्याचं लिहिलं होतं. ते पत्र मी कुणी मागितल्याशिवाय दाखवत नसे; फक्त बोलणं अशा वळणावर नेत असे की समोरच्यानं मागावंच. मराठी शिकवणाऱ्या गुल्हाने गुरुजींनी ते दोनदा वाचलं.

"कुशाग्र म्हंजे काय, मास्तर?"

"म्हणजे... हुशार."

"मंग हुशारच काहून नाही लिवलं?"

गुरुजी मला शाळेमागच्या नाल्यावर घेऊन गेले. तिथं कुशाचं गवत माजलं होतं. "ह्याचं टोक म्हंजे कुशाग्र. घ्या, उपटून पाहा." मी ऐटीत मूठ आवळून ओढलं. गवत जागेवर राहिलं, बोटातून रक्त आलं.

"आता समजला तुमाले शब्द," गुरुजी समाधानानं म्हणाले.

प्रत्येक शब्दाचं माप त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पाठांतर पक्कं तो हुशार. एकदा ऐकून ज्याला कळतं तो तल्लख. हेडमास्तर व्हरांड्यात दिसायच्या आधीच ज्याला त्यांची चाहूल लागते तो चाणाक्ष. आणि चहा आला की जो नेमका हजर असतो तो चलाख. हे सांगताना ते माझ्याकडं पाहत. प्रगतिपुस्तकावरचे शेरे लिहायला त्यांना महिना लागे.

त्यांची मुलगी सुमन आईवेगळी. कुठलीही गोष्ट समजायला तिला वेळ लागे. सातवीत दोनदा नापास होऊन तिची शाळा सुटली होती. केळापूरचं एक स्थळ मीच सुचवलं. जगातल्या अशा कामांना माझ्यासारखाच माणूस हवा, असं तेव्हा मला वाटे. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी गुरुजींना बजावलं, "ते विचारतील, मुलगी हुशार आहे का. तुम्ही नुसतं 'हो' म्हणा."

"पाहू," गुरुजी म्हणाले.

पाहुणे आले. सुमननं स्वतः केलेले मेथीचे भजे बाहेर आणून ठेवले आणि ती आत गेली. मुलाच्या मामांनी विचारलं, "पोरगी हुशार हाय ना, गुरुजी?"

गुरुजींनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"नाही. समजाले येळ लागते तिले. पण एकदा समजलं का इसरत नाही. कोणी रागावलं, का मात्र सगळंच इसरते."

मी घाईनं मध्ये पडलो. "गुरुजींचा विनय हो! मुलगी एकदम तल्लख आहे."

"तल्लख नाही, मास्तर," गुरुजींनी पाहुण्यांसमोरच मला दुरुस्त केलं.

भज्यांना हात न लावता पाहुणे उठले.

ते फाटकाबाहेर पडल्यावर मी गुरुजींवर चिडलो. "एका शब्दानं काय बिघडलं असतं?"

गुरुजी उगाच बश्या इकडच्या तिकडं सरकवत होते. मग हळूच म्हणाले, "खोटा शब्द लावून धाडली, तर तिथं ते लोक रोज तिची परीक्षा घेतीन. अन् पास कराले मी तिथं नसन."

तेवढ्यात सुमन दारात आली. "बाबा, काय म्हणले पाहुणे?"

गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं. "पोरगी लई हुशार हाय म्हणे. आमच्या पोराले झेपायची नाही."

सुमन लाजली. मग तिचं लक्ष बश्यांकडं गेलं. "मंग भजे काहून नाही खाल्ले?"

एवढ्या शब्दांच्या धन्याला एक शब्द सापडेना.

"मीच खाऊ दिले नाहीत," मी म्हणालो. "एवढे चांगले भजे त्यांना कायले द्यायचे?" आणि बशी पुढ्यात ओढली.

सुमन हसत पाणी आणायला आत गेली. मी एक बशी संपवली, दुसरी संपवली. भज्यांत मीठ पडलंच नव्हतं. गुरुजींनी काही न बोलता तिसरी बशी माझ्याकडं सरकवली, आणि तिच्यातला एक भजा स्वतः उचलला.