वासंतीचा गुडघा, आत्मारामची उत्तरं

वासंतीचा गुडघा कसा आहे असं कुणीही विचारलं की आत्मारामचं उत्तर ठरलेलं असायचं. "चाललंय आपलं."

वासंती म्हणजे इंद्रलोक सोसायटीतल्या बायकांच्या कबड्डी टीमचा हुकमी एक्का. गेल्या वर्षी चढाई करताना तिचा पाय मुरगळला, गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं आणि ऑपरेशन करून नवं बसवावं लागलं. दुसरं कुणी असतं तर खाट सोडली नसती. ही बाई मात्र दात-ओठ खाऊन व्यायाम करायची आणि वर विचारायची, "अहो, चहा टाकू का?" आत्माराम तिच्या या हिमतीवर मनातून पार फिदा होता. म्हणूनच त्याला सारखी धास्ती, हिला कुणाची दृष्ट लागायला नको.

हॉस्पिटलकडून दर महिन्याला मोबाईलवर प्रश्न यायचे. पेशंटने आपला गुडघा कसा चालतोय ते स्वतः सांगायचं. पण ऑपरेशनच्या धावपळीत नंबर दिला होता आत्मारामचा. बायकोच्या दुखण्याची उत्तरं नवऱ्यानेच द्यायची असतात, असं तो धरूनच चालला होता.

'जिना चढताना त्रास होतो का?' तेव्हा लिफ्ट बंद होती आणि वासंती पाण्याचा जार घेऊन तरातरा जिना चढून आली होती. पण 'अजिबात नाही' लिहिलं आणि उद्या काही झालं म्हणजे? आत्मारामने देवाचं नाव घेऊन 'खूप त्रास' दाबलं.

हॉस्पिटलवाले बिचारे काळजीत पडले. मांडीत ताकद आली नसेल म्हणून त्यांनी व्यायाम वाढवले. वासंतीने ते इमानेइतबारे केले, त्यामुळे गुडघा आणखी खणखणीत झाला. तो जितका खणखणीत, तितका आत्माराम जास्त घाबरायचा आणि पुढच्या महिन्यात आणखी वाईट लिहायचा.

शेवटी फोन आला. बसवलेलं लिगामेंट सैल झालं असावं, कदाचित पुन्हा ऑपरेशन लागेल. रविवारी सोसायट्यांची फायनल होती, ती तर विसराच. ऑपरेशनच्या दिवशीही न रडलेली बाई त्या दिवशी ओट्याकडे तोंड करून रडली. आत्मारामने तिच्याजवळ पाण्याचा पेला नेऊन ठेवला, पण खरं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं हॉस्पिटलात गेले. फिजिओथेरपिस्ट संजना मॅडमनी उत्तरं वाचायला घेतली.

"खाली बसताना असह्य वेदना."

"कुणाला?" वासंतीने विचारलं.

"तुम्हाला. पलंगावरून उठायला आधार लागतो. घरातल्या घरात चालणं अवघड."

"मॅडम, मी काल स्टुलावर चढून पंखा पुसलाय."

वासंतीने साडी खोचली आणि एका पायावर, त्याच गुडघ्याच्या पायावर, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत गेली. येताना उकिडवी बसून उठूनही दाखवलं. संजना मॅडमनी गुडघा दाबून, ओढून पाहिला. लिगामेंट चांगलं घट्ट होतं.

"मग ही उत्तरं दिली कुणी?"

आत्माराम छताकडे बघायला लागला. वासंतीला सांगावं लागलं नाही.

"घरी बोलू आपण," ती म्हणाली.

"आता मी विचारते, आणि फक्त वासंतीताईंनी बोलायचं," संजना मॅडम म्हणाल्या. सगळे प्रश्न झाले, सगळी उत्तरं झकास आली. "शेवटचा. पुन्हा पडाल, पुन्हा गुडघा जाईल, याची भीती किती वाटते? शून्य ते दहा."

"शून्य."

"दहा," आत्मारामच्या तोंडून निघून गेलं. मग त्याला थांबताच येईना. "ही मैदानात पडली ना मॅडम, तेव्हा ओरडली पण नाही. मीच ओरडलो. अजून ते डोळ्यांसमोरून जात नाही हो."

वासंतीने त्याच्याकडे पाहिलं. घरी बोलायचं होतं ते सगळं तिथेच विरघळलं.

"मॅडम," ती म्हणाली, "मी बरी आहे. आता यांना काही व्यायाम असेल तर सांगा."

"आहे ना. रविवारी पहिल्या रांगेत बसायचं. डोळे उघडे ठेवून."

आत्मारामने मान डोलावली. "किती वेळा करायचा?"

"मी खेळेन तितक्या वेळा," वासंती म्हणाली.