मोजलं, लिहिलं, ओतलं

भातसानगरच्या धरणावर पाऊस मोजणाऱ्या कुंडलिकची छाती महिनाभर मध्येच धडधडायची, दरदरून घाम सुटायचा, बीपी उड्या मारायचं. शहापूरचे डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडाच्या वर छोट्या ग्रंथी असतात. तिथे गाठ झाली की हार्मोन जास्त सुटतात. चोवीस तासांची लघवी तपासू. थोडीही कमी पडली तर रिपोर्ट चुकेल." नर्सने मोठा कॅन हातात दिला. 'गाठ' ऐकल्यापासून कुंडलिकच्या जिवाला चैन नव्हतं.

पण मोजमाप म्हटलं की गडी कुणाला ऐकणारा नव्हता. सत्तावीस वर्षांचा शिरस्ता एकच: मापात घ्यायचं, वहीत लिहायचं, ओतून टाकायचं. आकडा मिळाल्यावर पाण्याचं काय लोणचं घालायचंय? अंदाजाने आकडा लिहिला म्हणून हाताखालच्या विपुलची त्याने आठवड्यापूर्वीच साहेबांकडे लेखी तक्रार केली होती.

कॅन त्याने कोपऱ्यात टाकला. दिवसभर न्हाणीच्या दारातून मापाचा ग्लास बाहेर यायचा आणि मागोमाग हुकूम, "ओत गो!" बायको सरस्वती निमूटपणे ग्लास घेऊन जायची. दुपारी तो सापगावला मेव्हण्याकडे जाऊन आला, तेवढीच तिला उसंत मिळाली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्याने वही उघडून टेबलावर ठेवली.

"काका, कॅन कुठंय?" लॅबमधल्या रश्मीने विचारलं.

"कॅन कशाला? सगली नोंद हाय. मोजलं, लिवलं, ओतलं."

"ओतलं? मग तपासू काय, वही?"

कुंडलिकच्या छातीत धडधड सुरू झाली. तेवढ्यात सरस्वतीने पिशवीतून भरलेला कॅन काढला. "ओततील ते म्हायती होतं मला. परतेक ग्लास यातच ओतला, नि कॅन फ्रिजात ठेवला."

कुंडलिकला बायकोचे पाय धरावेसे वाटले. रश्मीने माप घेतलं. "वहीत सतराशे तीस, इथं साडेपंधराशे. एकशेऐंशी कमी."

"सांडलंस काय गो?"

"थेंब नाय सांडला." सरस्वतीने वहीवर बोट ठेवलं. "ही चार वाजताची एकशेऐंशी. तवा तुमी सापगावात होते, नि ग्लास तर घरात व्हता."

कुंडलिकने मान खाली घातली. "करवंदीच्या जाळीमागं गेलतो."

"मग आकडा कुठनं आणला?"

"अंदाजानं," तो पुटपुटला.

रश्मीने नवा कॅन पुढे केला. "काका, उद्यापासून परत."

बाहेर येताच कुंडलिक घाईघाईने स्कूटर काढू लागला.

"आता कुठं?" सरस्वतीने विचारलं.

"साहेबाकडं. विपुलचा तो कागद मागं घ्यायचाय."