डक्टमधली मीटिंग

गुरुवारी सकाळी आठ वाजता धम्मरत्न ओव्हाळने पुढ्यातली पोह्यांची बशी बाजूला सारली आणि तिथे बावीस पानांचा प्लॅन ठेवला, तेव्हाच खरं तर रश्मीने सावध व्हायला हवं होतं. पण गुरुवार म्हणजे कंपनीची सुट्टी, लाइट नेहमीप्रमाणे गेलेली, आणि नवरा तर स्वतःच्या लग्नातही दिसला नव्हता इतका खूश. तिने पोह्यांवर ताटली झाकली आणि विचारलं, "आता काय?"

"निरंजन सर अकराला येतायत. प्लॅन बघणार. पटला, तर शनिवार-रविवारचा कोर्स आपल्याला!"

धम्मरत्न निघोज्याच्या एका कंपनीत मेन्टेनन्सला होता, पण त्याचा जीव सगळा 'डोंगरसाथी' बचाव पथकात. पथक म्हणजे चाकण पट्ट्यातली वीस-बावीस माणसं. कुणी फिटर, कुणी नर्स, कुणी ऑपरेटर. सुट्टीच्या दिवशी डोंगरात अडकलेल्यांना सोडवून आणायचं, तेही फुकट. रश्मीसुद्धा त्यातलीच, खरं तर लग्न जमलं तेच एका कड्याच्या टोकावर. कड्यावरून माणूस उतरवण्यात ही मंडळी पटाईत होती. पण दोन वर्षांपूर्वी एका घळीत, म्हणजे दोन्हीकडे सरळसोट भिंती आणि मधून कोसळणारं पाणी अशा जागी, बँकेतला एक गृहस्थ अडकला, आणि अख्खं पथक वर काठावर उभं राहून साडेचार तास "घाबरू नका" एवढंच ओरडत राहिलं. शेवटी दुसरीकडून माणसं आली आणि त्यांनी त्याला काढलं. जाताना तो गृहस्थ धम्मरत्नला हात जोडून म्हणाला, "तुमचा आवाज येत होता हो, बरं वाटत होतं."

ते वाक्य धम्मरत्नला अजून पचलं नव्हतं. घळीतून माणूस कसा काढायचा हे शिकायचंच, असा त्याने ध्यास घेतला होता. आणि ते शिकवणारे निरंजन सर मोसमात एकच कोर्स घेत. यंदा दोन पथकं मागे लागली होती. आज सर काय ते ठरवणार होते.

साडेनऊला सुजित दोऱ्यांची पोती घेऊन आला. सुजित सीएनसी ऑपरेटर, पथकातला सगळ्यात तगडा गडी.

"भाऊ, प्लॅन तर एक नंबर," पानं चाळत तो म्हणाला. त्याने चारच पानं चाळली होती.

"नुसता कागद दाखवून काय होतंय, राव?" धम्मरत्न म्हणाला. "डेमो पाहिजे डेमो! आपल्या बिल्डिंगचा डक्ट बघितलाय ना? पाच मजले खोल, चारी बाजूंनी भिंत, मधून पाणी. अजून काय असतं घळीत?"

"ते पाणी कुणाच्या बाथरूमचं असतं, माहितीये ना?" रश्मी म्हणाली.

पण उत्साहाला नाक नसतं. सर येण्याआधी एकदा रंगीत तालीम करायची असं ठरलं. धम्मरत्नने सुजितला आणि रश्मीला पथकाचे नवे कोरे भगवे टी-शर्ट दिले, स्वतःही घातला. सगळे एकाच मापाचे आणलेले, सगळ्यात मोठ्या. म्हणजे कुणाला होत नाही असं व्हायला नको! त्यात रश्मी हरवली, सुजितला बरा बसला आणि धम्मरत्नच्या पोटावर तो पडद्यासारखा डुलायला लागला. रश्मी दुसरी दोरी आणि कप्प्यांची पिशवी घेऊन डक्टच्या तळाशी गेली. धम्मरत्न आणि सुजित गच्चीवर गेले.

गच्चीला जाळीचा दरवाजा होता. धम्मरत्नने खिशातून कंपनीतलं लाल कुलूप काढलं आणि दरवाजाच्या कडीला ठोकलं. कारखान्यात नियमच आहे: जो मशिनच्या आत हात घालणार, त्याने बटणाला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. म्हणजे दुसरा कुणी येऊन मशिन चालूच करू शकत नाही. पंधरा वर्षांच्या नोकरीत धम्मरत्नची दहाही बोटं जागच्या जागी होती ती या नियमामुळे.

"दोरीला कुणी हात लावायला नको," तो म्हणाला.

"भाऊ, मग किल्ली माझ्याकडं द्या की. मी वरच हाय."

"काम कोण करतंय? मी. मग किल्ली कुणाच्या खिशात? माझ्या. नियम म्हणजे नियम."

किल्ली ट्रॅकपँटच्या खिशात गेली. वरून हार्नेस चढला. कमरेचे आणि मांड्यांचे पट्टे त्याने असे करकचून आवळले, की खिशाचं तोंड त्याखाली पार गाडलं गेलं. हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. दहा वाजता "जय भीम! येतो रे!" म्हणत धम्मरत्न कठड्यावरून डक्टमध्ये उतरला.

काय झकास उतरत होता! पाचवा मजला गेला, चौथा गेला. पोटापुढे हार्नेसला अडकवलेल्या, उतरण्याचा वेग आवरणाऱ्या खटक्यातून दोरी सर्र सर्र सुटत होती. त्याला वाटलं, आत्ता सर असायला हवे होते! आणि तिसऱ्या मजल्यावर, शेजारच्या भिमाबाईंच्या धुण्याभांड्याच्या ड्राय बाल्कनीसमोर, तो डुलणारा टी-शर्ट दोरीबरोबर खटक्यात शिरला. चांगला वीतभर शिरला. धम्मरत्न जागच्या जागी थांबला.

"सुजित, ओढ वर!"

वरून "हेऽऽ" असा जोरदार आवाज आला. धम्मरत्न चार बोटं वर गेला आणि पाच बोटं खाली आला. टी-शर्ट आणखी आत गेला.

"भाऊ, तुमी ऐंशी किलो हाय. एकट्यानं न्हाई व्हायचं. कप्प्या पाहिजेत!"

"रश्मीऽ, कप्प्या वर घेऊन जा!"

रश्मी पिशवी खांद्यावर टाकून धावली. लिफ्ट बंद. पाच मजले चढून गेली आणि जाळीच्या दरवाजाशी लाल कुलूप बघून थांबली. पलीकडे सुजित दोरी धरून उभा.

"सुजितदादा, किल्ली?"

सुजितने नुसतं डक्टकडे बोट दाखवलं.

एव्हाना ड्राय बाल्कनीत भिमाबाई आल्या होत्या. निघोजे गावच्या, लेकाच्या फ्लॅटवर राहायच्या आणि बिल्डिंगभरच्या बायकांचे ब्लाउज शिवायच्या. ग्रीलपलीकडे लटकलेला शेजारी बघून त्या घाबरल्याबिबरल्या नाहीत.

"आरं धम्मा, हितं काय करतूस?"

"प्रॅक्टिस, मावशी."

"व्हय का? मग चालू दे. च्या टाकू?"

धम्मरत्नने एका हाताने त्यांचं ग्रील धरून स्वतःला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. खिशात हात घालायचा प्रयत्न केला, तर बोटाचं टोकही पट्ट्याखाली शिरेना. आता मात्र त्याला घाम फुटला. अकराला सर येणार, आणि पथकाचा प्रमुख शिकण्याआधीच अडकलेला! कोर्स गेला. दुसरं पथक हसणार. पुन्हा कुठल्या तरी घळीच्या काठावर उभं राहून "घाबरू नका" ओरडायचं.

बातमी मात्र डक्टमधून चारी बाजूंना पसरली. प्रत्येक ड्राय बाल्कनीत डोकी दिसायला लागली. सोसायटीचे चेअरमन आबाजीकाका तळाशी येऊन कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ओव्हाळ! डक्टमध्ये काहीही टाकायचं नाही, असा सोसायटीचा ठराव झालाय!"

"काका, मी काही टाकलेलं नाही! मीच आहे!"

"माणूससुद्धा 'काहीही'मध्येच येतो!" असं बजावून आबाजीकाका घरातून वरवंटा घेऊन पाच मजले चढले आणि लाल कुलपावर घाव घालायला लागले. पहिल्या पाच घावांत कुलपाचा रंग गेला आणि पुढच्या पाचांत वरवंट्याचा टवका.

बरोबर अकराला भिमाबाईंच्या दारावर टकटक झाली. पाठीवर छोटी सॅक लावलेला, किरकोळ बांध्याचा, केस पिकलेला माणूस विचारत होता, "धम्मरत्न ओव्हाळ कुठं राहतात?"

"राहतो समूरच्या घरात. पन आत्ता माझ्या खिडकीत हाय. या की आत."

निरंजन सर ड्राय बाल्कनीत आले. धम्मरत्नने डोळे मिटून घेतले.

"श्वास नीट चाललाय?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

"पायांना मुंग्या?"

"थोड्या."

"पाय भिंतीला लावून हलवत राहा." सरांनी वर मान करून दोरी, गाठ, कठडा, सगळं नीट बघून घेतलं. वरची गाठ पक्की होती. मग त्यांनी किल्लीची हकिकत ऐकली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "बरं. तोवर वेळ कशाला घालवायचा? प्लॅन सांगा."

"आत्ता?"

"तुम्हाला कुठं जायचंय?"

धम्मरत्नने पाय भिंतीला टेकवले. "पान एक, सर. अपघात होऊ नये म्हणून घ्यायची खबरदारी."

"ते राहू द्या. पुढचं पान."

आणि मीटिंग सुरू झाली. तोंडपाठ होता त्याला प्लॅन! शनिवारी पहाटे कुठून निघायचं, घळीच्या तोंडाशी कोण, तळाशी कोण, पाणी अचानक वाढलं तर शिट्ट्या किती, जवळचा दवाखाना किती मिनिटांवर. सांगता सांगता तो लटकल्याचंच विसरला, हातवारे करायला लागला आणि गोल गोल फिरायला लागला. सर तो समोर येईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढचा प्रश्न विचारायचे.

"जेवणाचं काय?"

"ते माझ्याकडं," भिमाबाई म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी हातातल्या कात्रीने टी-शर्टकडे बोट केलं. "ह्ये कापून टाकू का? एका मिन्टात मोकळा हुईल."

"नाही!" सर पहिल्यांदाच ओरडले. "ताणलेल्या दोरीजवळ कात्री न्यायची नाही, मावशी!"

"मंग किल्ली तरी काढूया की. खिसा उसवते. शिवनीतनं, दोरीपासनं हातभर लांब."

सरांनी खिशापासून दोरीपर्यंतचं अंतर नजरेनेच मोजलं. "हे चालेल," ते म्हणाले.

भिमाबाईंनी कात्री आत ठेवली, शिवण उसवायची सुई आणली, ग्रीलमधून हात काढला आणि मांडीच्या पट्ट्याखाली लोंबणाऱ्या खिशाची शिवण टाका टाका मोकळी केली. तोंडाने चालूच होतं, "हलू नगंस, लेकरा. घाबरू नगंस, मी हाय." आणि गंमत म्हणजे, धम्मरत्नला खरोखरच बरं वाटलं.

किल्ली सुटली, भिमाबाईंच्या बोटांना चाटून गेली आणि खण्णकन तळाला पडली. आबाजीकाकांनी वरून आरोळी ठोकली, "बघा, टाकलंच शेवटी!" रश्मी पाच मजले धडाधडा उतरली, चिखलात हात घालून किल्ली काढली आणि पुन्हा पाच मजले चढली. कुलूप उघडलं. कप्प्या लागल्या. रश्मी, सुजित आणि आबाजीकाकाही दोरीला भिडले. "हेऽऽ" म्हणताच धम्मरत्न इंचाइंचाने वर सरकायला लागला. सगळ्या ड्राय बाल्कन्यांतून टाळ्यांचा कडकडाट झाला.

गच्चीवर तो पाय पसरून बसला. टी-शर्ट फाटलेला, खिसा लोंबतोय. रश्मीने पाण्याची बाटली दिली, डोळे पुसले आणि मग जी हसत सुटली ती थांबेचना. सर आले. धम्मरत्न धडपडत उभा राहिला.

"सर, आमचं चुकलं. दुसऱ्या पथकाला द्या कोर्स. फक्त आमच्यातल्या दोघांना तरी त्यात घ्या. हिला आणि सुजितला. पुढच्या वेळी कुणी अडकलं, तर नुसतं वरून ओरडायला नको."

सरांनी सॅकमधून डायरी काढली आणि शनिवार-रविवारच्या रकान्यात 'डोंगरसाथी' लिहिलं.

"दुसऱ्या पथकानं मला काल सुंदर प्लॅन दाखवला," ते म्हणाले. "कुणी लटकवून विचारलं, तर त्यातलं एक पान तरी सांगता येईल की नाही, देव जाणे. कोर्स तुमचा. मावशींना घेऊन या, पेशंटशी कसं बोलायचं ते त्या शिकवतील. आणि शनिवारी सकाळचा पहिला तास तुम्ही घ्यायचा, ओव्हाळ."

धम्मरत्नचा चेहरा असा फुलला! "मी? विषय कुठला, सर?"

"काय काय करू नये."

सुजितने मान खाली घातली. आबाजीकाका खोकले. धम्मरत्न मात्र बोटांवर काहीतरी मोजत होता. एक हात संपला, दुसरा सुरू झाला. मग त्याने वर बघितलं, एकदम गंभीर होऊन.

"सर, एका तासात नाही बसायचं. दोन तरी लागतील."