पुंडलिकरावांची खुंटी

आमच्या शेजारच्या पुंडलिकरावांकडे कोणी नवा माणूस आला की मला इकडे स्वयंपाकघरात कळायचं. आधी ठक्क असा आवाज, आणि मग पुंडलिकरावांचा संथ स्वर, "नमून या लागते." दाराची चौकट त्यांनी स्वतः बसवली होती. तिची एक बाजू चार बोटं मोठी निघाली म्हणून त्यांनी ती कापली. मग दुसरी मोठी दिसायला लागली, तीही कापली. मग पुन्हा पहिली. चौकट शाळकरी पोराच्या मापाची झाली तेव्हा कुठे दोन्ही बाजू सारख्या आल्या आणि यांनी समाधानानं करवत खाली ठेवली.

काळच तसा होता म्हणा. स्वराज्य नवं होतं आणि वर्ध्यात ज्याला त्याला स्वावलंबनाचं वेड. आमच्या घरच्या धन्यानंही चरखा आणला होता. तो आठवडाभर फिरला आणि माळ्यावर गेला. पुंडलिकरावांचं वेड मात्र माळ्यावर गेलं नाही. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. रुईच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्यांचे तुकडे तिथे पडलेले असत, ते मालकाला विचारून घरी आणायचे आणि जगातली प्रत्येक मोडकी वस्तू त्या पट्टीनं आवळायचे. खुर्ची आवळली, रांजण आवळला, छत्रीसुद्धा आवळली. ती छत्री पुढे उघडली नाही.

सुतार-गवंडी बोलवा म्हटलं की त्यांचं एकच उत्तर. "मिस्त्री काय मायच्या पोटातून शिकून येते?" आणि काम वाकडं झालं की दुसरं ठरलेलं, "उन्नीस-बीस होतेच."

एका वर्षी त्यांनी घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरले. कवेलू खालून वर लावत जायचे असतात हे आमच्या गल्लीतल्या शेळ्यांनाही ठाऊक असेल. यांनी आढ्यापासून सुरुवात केली, कारण तसं केलं की उतरायला बरं पडतं. झालं, छपराचं सगळं पाणी घरात. श्रावणभर माणूस पाटाभोवती पराती मांडून जेवला. अंगण मात्र कोरडं राहिलं.

आणि आमची भिंत एकच, हे माझं नशीब. सदरा टांगायला म्हणून त्यांनी तिकडून एक खुंटी ठोकली, ती ठोकता ठोकता माझ्या चुलीच्या वर निघाली. मी तावातावानं गेले. दारात कपाळ आपटलं, त्यामुळे राग दुप्पट झाला. ते म्हणाले, लांबी जरा जास्त झाली, पण तुमच्याकडच्या टोकाला काही टांगता येईल. आता या माणसाशी काय भांडायचं? मी घरी आले आणि खुंटीवर झारा टांगला. खुंटी होती मजबूत, खोटं कशाला बोलू.

घरात ते एकटेच. मुलगी शांता झाली त्या बाळंतपणातच बायको गेली. आईनं नात वाढवली, मग आईही गेली. दुसरं लग्न कर म्हणून लोकांनी डोकं खाल्लं, यांनी ऐकलं नाही. शांताला रोहण्याला दिली आणि वर्षाच्या आत तिला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण शांताच्या सासूनं, काशीबाईंनी, सरळ निरोप पाठवला की माहेरी बाईमाणूस नाही, बापाच्या भरवशावर पोर धाडायची नाही. शांताला मात्र इथेच यायचं होतं. तिनं येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तेवढंच कळवलं होतं, बाबा, मले घेऊन जा. निरोप ऐकून पुंडलिकराव माझ्या अंगणात येऊन उभे राहिले. मीच म्हटलं, भाऊ, भिंतीपलीकडे मी आहे ना, माझी चार बाळंतपणं झालीत, मी करीन सगळं. मग आम्ही काशीबाईंना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की मी येते, खोली पाहते, मग ठरवते.

खोली. म्हणजे पुंडलिकराव ती स्वतः करणार हे उघडच होतं. मी कपाळाला हात लावला.

दोन महिने माझ्या भिंतीला चैन नव्हतं. मागच्या पडवीला कूड घातला, पांढऱ्या मातीनं सारवलं, कोपऱ्यात न्हाणी केली. एका रविवारी मी खिडकीतून पाहते तर हा मनुष्य पोटावर उशी बांधून बाजेवर उताणा पडलेला, हातात कोळसा, आणि नव्या सारवलेल्या भिंतीवर काळ्या रेघा ओढतोय. मला वाटलं, ऊन लागलं. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, त्यांच्या घरात ते पडले आहेत, तुला काय करायचं? मी तरी जाऊन विचारलंच. पडल्यापडल्याच उत्तर मिळालं.

"पोट घेऊन हात किती पुरते, ते पाहून राह्यलो."

त्यानंतर दोन दिवसांनी माझी खुंटी गायब. झारा चुलीत पडलेला आणि भोकातून एक सुतळी लोंबत होती, तिला बैलाच्या गळ्यातली घंटी. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. मी जाब विचारला तर म्हणाले, "वाजली तं या लागन, वहिनी." मी म्हटलं, मी काय गाय आहे? ते म्हणाले नाही, आणि निघून गेले.

काशीबाई रोहण्याहून पुलगावमार्गे रेल्वेनं आल्या. उंच, ताठ, कुंकू रुपयाएवढं. मी दारातच उभी होते, वाका म्हणणार तोवर ठक्क. पुंडलिकरावांचा चेहरा असा झाला, जणू पोरगी तिथेच गेली हातची.

बाईंनी कपाळही चोळलं नाही. सरळ खोलीत गेल्या. पानाची चंची फळीवर ठेवली, तर ती हळूहळू घसरत दुसऱ्या टोकाला गेली. तिथे एक संत्रं आधीच येऊन बसलं होतं. न्हाणीत तांब्याभर पाणी ओतलं, तर ते मोरीकडे न जाता वळून खोलीत आलं आणि बाजेखाली गेलं. पुंडलिकराव हळूच म्हणाले, उन्नीस-बीस होतेच. बाई म्हणाल्या, "बाळंतपणात उन्नीस-बीस नाई चालत, याहीबुवा."

आता संपलं, असं मला वाटलं. बाई दमल्या होत्या, त्या बाजेवर टेकल्या. टेकल्या आणि त्यांचा हात सहज बाजूला गेला, तर तिथे कोनाड्यात पाण्याचा तांब्या. पुढे सरकवला, तर खिडकीची कडी. दुसऱ्या हाताला पाळण्याची दोरी, खाली शेगडीचा चिमटा. उठायची गरजच नाही. उशाशी एक सुतळी होती, ती त्यांनी ओढली. माझ्या घरात घंटी वाजली.

"हे काऊन?" बाईंनी विचारलं.

पुंडलिकराव भिंतीकडे पाहत होते. "शांतीच्या मायचा तांब्या हातभर दूर होता, ईनबाई," ते म्हणाले. "मी कामावर गेलतो. आलो तं तिचा हात तसाच होता, तांब्याकडं."

मला रडू आलं. बाईंनी कोनाड्यातला तांब्या घेतला, सावकाश पाणी प्यायल्या आणि होता तिथेच परत ठेवला. मग म्हणाल्या, "न्हाणी मिस्त्रीकडून करून घ्या. सातवा लागला का पाठवतो शांतीले."

आणि पुंडलिकरावांनी आयुष्यात पहिल्यांदा मिस्त्री बोलावला. त्याच्या उरावर उभं राहून त्याला इतक्या सूचना दिल्या की तो बिचारा दुपारीच पळणार होता. मी चहा पाजून थांबवला.

शांताला मुलगी झाली. सुखरूप. त्या दिवसांत घंटी बरेचदा वाजली आणि मी दरवेळी गेले, कधी पिठाच्या हातांनीच. लेकीला घेऊन ती रोहण्याला गेली तेव्हा पुंडलिकरावांनी पाळण्याच्या दोन्ही कड्या पट्टीनं आवळल्या. पुढच्या खेपेला म्हणे ढिल्या पडायला नकोत.

चार दिवस भिंतीपलीकडे काहीच आवाज नाही. ना हातोडा, ना करवत. त्या शांततेनं मलाच काम सुचेना. आणि मग एका दुपारी घंटी वाजली. मी धावत गेले, अर्थात कपाळ आपटलं. पुंडलिकराव रिकाम्या बाजेवर बसलेले, सुतळी हातात.

"काई नाई वहिनी. दोरी चालते का पाह्यलं."

मी म्हटलं, चालते.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा वाजली. तिसऱ्या दिवशीही. मी काही दरवेळी गेले नाही, माझ्या मागे घर आहे. पण झारा आता चुलीशेजारीच असतो. घंटी वाजली की तो उचलायचा आणि भिंतीवर दोनदा वाजवायचा. मग पलीकडे थोड्या वेळानं हातोडा सुरू होतो.