दहापर्यंतचा नेम

डॉक्टरीण बाईंनी गंगम्माला चार गोष्टी सांगितल्या आणि त्या चारही गोष्टी त्या वर्षी लातुरात करणं अवघड होतं. जड उचलायचं नाही. पोट साफ राहिलं पाहिजे, कुंथायचं नाही. त्यासाठी पीठ न चाळता कोंड्यासकट भाकरी करायची आणि पालेभाजी खायची. दिवसाला दहा पेले पाणी प्यायचं. आणि व्यायाम करायचा.

"दहा पेले?" गंगम्मानं विचारलं. "पाण्याचे?"

"पाण्याचेच."

"बाई, तुम्ही लातुरात कवा आलाव?"

"झाले की सहा महिने."

"मग उन्हाळा न्हाई बगितला तुम्ही."

लातूरचा जिल्हा होऊन तेव्हा चौथं वर्ष चाललं होतं. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, नव्या पाट्या लागल्या, पुण्याहून डॉक्टरीण बाईसुद्धा आल्या; पण नळाला हे कोणी कळवलं नसावं. पाऊस दोन वर्षं पाठ फिरवून बसला होता. जुन्या तेलगिरणीमागच्या गल्लीत गंगम्माचं घर होतं आणि तिथल्या बायका पाऊण मैलावरच्या हातपंपावरून घागरी आणत. गंगम्मा दिवसाला सहा आणी.

तक्रार अशी होती की दोन वर्षांपासून तिचं गर्भाशय खाली सरकत होतं. बायका याला अंग बाहेर येणं म्हणतात. खरं म्हणजे काहीच म्हणत नाहीत, कारण हा विषय त्या कोणाजवळ काढतच नाहीत. गंगम्मानंही नवऱ्याला फक्त "कंबर धरलीय" एवढंच सांगितलं होतं आणि दवाखान्यात एकटीच आली होती.

"अजून फार खाली नाही," बाई म्हणाल्या. "लघवी मध्येच थांबवताना आपण आतून आवळून धरतो ना, तसं आवळायचं. श्वास रोखायचा नाही. दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. असं दहा वेळा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तीन महिने नेटानं केलंत तर ऑपरेशन टळेल."

ऑपरेशनची गंगम्माला भीती होती, पण त्याहून मोठी भीती त्यानंतरची होती. गल्लीतलं कोणी दवाखान्यात पडलं की सगळी गल्ली बिस्किटाचे पुडे घेऊन भेटायला जाई आणि खाटेभोवती उभी राहून विचारी, "काय झालतं म्हनं?" या प्रश्नाचं उत्तर देण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला मनापासून वाटत होतं.

व्यायामाला शांतता हवी होती आणि घरात ती नव्हती. सासू पार्वतम्मा दर दहा मिनिटांनी हाक मारत. नवरा रेवणप्पा डाळ मिलमध्ये मुकादम होता. दिवसभर हमालांना पोती उचलायला सांगायचं हे त्याचं काम. स्वतः पेन्सिलीपेक्षा जड काही उचलल्याला त्याला वीस वर्षं झाली होती. घरी आला की तोही हाकाच मारी. फक्त एका वेळी गंगम्माला कोणी हाक मारत नसे, ती म्हणजे इष्टलिंगाची पूजा चालू असताना. तिनं त्याचाच आधार घेतला. पूजा नेहमीसारखी मनोभावे करायची, लिंग पुन्हा गळ्यात घालायचं आणि मग डोळे मिटून तशीच बसून राहायची. देवाला सगळं ठाऊक असतंच, त्यामुळे त्याच्यापासून लपवायचा प्रश्न नव्हता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती अशी बसलेली असताना पार्वतम्मा दारात येऊन उभ्या राहिल्या. सोबत विरजण मागायला आलेली शेजारीण जगदेवी होती.

"काय गं, आज तिसऱ्यांदा बसलीस?" पार्वतम्मांनी विचारलं.

गंगम्माचे सहा अंक झाले होते. बोललं तर आकडा चुकणार आणि पुन्हा एकपासून धरावं लागणार. तिनं नुसती मान हलवली.

"तिरकाळ पूजा धरलीस की काय?"

सात. मान हलली.

"म्हनूनच घागरीला हात लावून न्हाई राहिली ही!" जगदेवी म्हणाली. "व्रतात चालत नसंल. व्हय का वो वैनी?"

आठ. मान हलली.

"अन् ती कोंड्याची भाकर? तीबी व्रताचीच?"

नऊ. मान हलली.

"पान्यासाठी धरलंय म्हना की! समद्या गल्लीसाठी!"

दहाला मान हलली, अंग सैल सोडून गंगम्मानं डोळे उघडले. तोवर जगदेवी विरजण न घेताच निघून गेली होती.

आता नाही म्हणायचं तर खरं काय ते सांगावं लागलं असतं. गंगम्मा गप्प बसली. गप्प बसणं हेही व्रतातच धरलं गेलं.

पार्वतम्मांना हे सोसलं नाही. त्या घरातली भक्ती पन्नास वर्षं त्यांच्याकडे होती. सून त्रिकाळ करते म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्या चार वेळा बसू लागल्या, आणि चार वेळा बसणाऱ्या बाईनं घागर उचलावी हे त्यांनाही शोभेना.

"अव्वा, तुम्ही दोघी बसून राहिलाव तर पानी कोन आनंल?" रेवणप्पानं आईला विचारलं.

"ज्याला तहान लागली हाय त्यानं."

रेवणप्पाला तहान लागली होती. त्यानं पहिल्या दिवशी दोन घागरी आणल्या, वाटेत अर्धी सांडली आणि रात्री खांद्याला तेल चोळून घेतलं. चौथ्या दिवशी त्यानं मिलमधून सायकल आणली आणि घागरी कॅरियरला बांधल्या. सायकलची सोय बायकांना आजवर कोणी का सुचवली नव्हती, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पंधरा दिवसांत गल्लीत टँकर आला. आजवर तो या बाजूला फिरकला नव्हता. आता तो दिवसाआड येऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहू लागला. कारण सगळ्यांना दिसत होतं: कलेक्टर कचेरीतल्या एका साहेबांनी गल्लीतलं माडीचं घर भाड्यानं घेतलं होतं. दारावर त्यांच्या नावाची पाटीही होती.

"सायेबामुळं आला टँकर," रेवणप्पा म्हणाला.

"अन् सायेबाला ह्याच गल्लीत कुनी धाडलं?" जगदेवीनं विचारलं.

बायका येता-जाता गंगम्माच्या पाया पडू लागल्या. एकीनं कोंडा आणून दिला. दुसरीनं हरभऱ्याची वाळवलेली भाजी आणली, कारण व्रताला पालेभाजी लागते असं तिच्या कानावर आलं होतं. साहेबांच्या बायकोनं तर रोज एक कळशी पिण्याचं पाणी पाठवायला सुरुवात केली. डॉक्टरीण बाईंच्या चारही गोष्टी अशा रीतीनं बिनबोभाट जमून आल्या. दोन महिने होत आले तेव्हा गंगम्माला फरक कळायला लागला. शिंक आली तरी काही होईना. उकिडवं बसून उठताना ओटीपोटातली ती जुनी ओढ जाणवेना. ती आतून फार खूश होती.

त्याच आठवड्यात गल्लीनं महादेव पाण्यात बसवायचं ठरवलं. पाऊस लांबला की गावाबाहेरच्या देवळात गाभाऱ्याची मोरी बंद करायची आणि पिंड बुडेपर्यंत घागरी ओतायच्या, ही जुनी रीत. एकशे एक घागरी लागत. पाणी देवळाच्याच बारवेतून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथंच परत सोडायचं, त्यामुळे वाया जाण्याचा प्रश्न नव्हता. बारवेला बत्तीस पायऱ्या होत्या. मठातल्या महाराजांनी सांगितलं, जिचं व्रत तिनं पहिल्या अकरा घागरी स्वतः वाहायच्या.

"अकराच तर हायत," रेवणप्पा अभिमानानं म्हणाला.

गंगम्मानं मनात अकरा घागरी आणि बत्तीस पायऱ्या यांचा गुणाकार केला. दोन महिन्यांत जे वर गेलं होतं ते एका सकाळीत खाली येणार होतं. पुढे ऑपरेशन, खाट, बिस्किटाचे पुडे.

तिनं कंबर दुखते म्हणून पाहिलं. "माझीबी दुखती," पार्वतम्मा म्हणाल्या आणि तो विषय संपला. दुसऱ्या बायकांना अशा वेळी महिन्याची अडचण तरी सांगता येते. पण लिंगायताच्या घरात तो विटाळ पाळत नाहीत, त्यामुळे तीही सोय तिला नव्हती.

आदल्या दिवशी दुपारी रेवणप्पा मिलमध्ये असताना ती सासूपुढे जाऊन बसली.

"आत्याबाई, माझं व्रत-बित काई न्हाई."

"मला वाटलंच हुतं!" पार्वतम्मांचा चेहरा दोन महिन्यांत पहिल्यांदा उजळला. "मग तीन-तीनदा डोळे मिटून काय करून राहिलीस?"

गंगम्मानं सांगितलं. सांगताना तिनं जमिनीकडे बघितलं आणि मधेच आवाज इतका खाली आणला की पार्वतम्मांना दोनदा "काय?" म्हणावं लागलं. तिचं सगळं सांगून झालं. पार्वतम्मांनी उठून दार लोटून घेतलं आणि त्या अगदी जवळ येऊन बसल्या.

"किती येतंय?"

"उकिडवं बसलं की... बोटभर."

"बोटभर!" पार्वतम्मांनी तुच्छतेनं हात झटकला. "माझं रेवन्या झाला तवापासून हाय. अट्ठेचाळीस वर्सं. चांगलं मुठीयेवढं."

गंगम्मा त्यांच्याकडे बघतच राहिली. सव्वीस वर्षं दोघी एका चुलीपुढे बसत होत्या.

"अन् तुम्ही काय केलाव?"

"काय करनार? आत सारायचं, पदर खोचायचा, घागर उचलायची. माझ्या सासूला म्हनले न्हाई, नवऱ्याला म्हनले न्हाई. आज तुला म्हनून राहिले."

गंगम्माला रडूच आलं. आजवर या बाईच्या प्रत्येक हाकेला मनातल्या मनात दिलेली उत्तरं आठवून तिला स्वतःची लाज वाटली. पार्वतम्मांनी तिला थोडा वेळ रडू दिलं.

"बास आता. ते आवळायचं कसं, दाव मला."

गंगम्मानं समजावून सांगितलं. पार्वतम्मांनी डोळे मिटले.

"धा मोजायचे? मी वीस मोजीन."

"आत्याबाई, धाच. बाईंनी धाच सांगितलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली बारवेवर जमली. महाराज गाभाऱ्याच्या दाराशी बसले. हळदकुंकू लावलेली पहिली घागर गंगम्मापुढे आणून ठेवली गेली. ती वाकणार इतक्यात पार्वतम्मा पुढे झाल्या.

"थांबा. व्रताचा नेम कुनाला ठाऊक हाय का न्हाई? जिनं व्रत धरलंय तिनं घागरीला शिवायचं न्हाई. घागर घरच्या गड्यानं वाहायची."

महाराजांनी मान वर केली. "हे कुठं सांगितलंय, आजी?"

"महाराज, येवढं वाचलंय तुम्ही. तुमाला तर ठाऊकच असंल."

दोनशे माणसं महाराजांकडे बघत होती. महाराजांनी क्षणभर विचार केला.

"हो," ते म्हणाले. "तसा उल्लेख आहे."

मग गड्यांनी घागरी उचलल्या. रेवणप्पानं चार घागरी आब राखून वाहिल्या, पाचवीला तोंडानं श्वास घ्यायला लागला आणि सातवी घेऊन विसाव्या पायरीवर बसला. आपल्या माणसाची ही अवस्था बघून गंगम्माला कणव आली, पण ती जागची हलली नाही.

"बाया हे रोज करतेत?" त्यानं धापा टाकत कोणालातरी विचारलं.

पिंड दुपारी बुडाली. पाऊस काही आला नाही. पण पुढच्या आठ दिवसांत गल्लीतल्या नऊ बायकांनी हेच व्रत धरलं आणि टँकरच्या रांगेत पुरुष दिसू लागले. व्रताची दीक्षा पार्वतम्मा देत, एकेकीला, दार लोटून. आत काय बोलतात ते गंगम्मानं विचारलं नाही. सासूला तिचा मान परत मिळाला, यात ती समाधानी होती.

तीन महिने भरले तेव्हा ती तपासायला गेली. या वेळी पार्वतम्मा सोबत होत्या. डॉक्टरीण बाईंनी तपासलं आणि त्या हसल्या.

"छान झालंय. ऑपरेशनची गरज नाही. व्यायाम मात्र सोडायचा नाही, आणि घागर तर उचलायचीच नाही."

मग पार्वतम्मा आत गेल्या. त्या बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा पदर नीट करत होत्या आणि काही बोलल्या नाहीत. ऑटोतही बोलल्या नाहीत. गंगम्माला काळजी वाटू लागली.

ऑटो गल्लीत शिरला तेव्हा टँकर उभा होता. पुरुष रांगेत होते आणि बायका ओट्यावर बसल्या होत्या. पार्वतम्मांनी ऑटो टँकरपाशीच थांबवला आणि उतरायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

"सुनेला नुसता व्यायाम! मला रिंग बसवून घ्या म्हनल्या बाई. रबराची, आतून आधाराला. माझं व्यायामाच्या पलीकडं गेलंय."

गंगम्माला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. जे लपवण्यासाठी तिनं तीन महिने जिवाचं रान केलं होतं, ते सासूनं टँकरसमोर जाहीर केलं होतं. तिनं डोळे मिटून घेतले आणि हसण्याची वाट बघितली. कोणी हसलं नाही. डोळे उघडले तर ओट्यावरच्या बायका ऑटोभोवती गोळा झाल्या होत्या.

"रिंग? तुमाला?" जगदेवी आदरानं म्हणाली. "मला काय सांगतेल कुनाला ठाऊक. बाई किती वाजंपातूर बसतेत?"

"चारपातूर," गंगम्मा म्हणाली. "ह्याच ऑटोनं जाऊ. मी येते संगं."

रांगेतून रेवणप्पा भरली घागर खांद्यावर घेऊन आला.

"अव्वा, कसली रिंग म्हनून राहिलीस?"

"तुला काय करायचंय?" पार्वतम्मा म्हणाल्या. "पानी सांडून राहिलंय तुझं. घरात ने आधी."